रस्त्यावर आणि ट्रॅकवर : वापरलेली कन्व्हर्टिबल घेताना

वाहन-सल्ला : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : सुट्टीच्या दिवशी आंबोली किंवा चोर्ला घाट, आणि वर्षातून दोन-तीनदा चेन्नई किंवा कोइम्बतूरचा ट्रॅक, असा वापर राहील. त्यासाठी उघड्या टपाची जुनी छोटी स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. बजेट ३५ लाख. पोर्शे बॉक्स्टर (९८७), बीएमडब्ल्यू झेड४ (ई८९), मर्सिडीज एसएलके (आर१७१) आणि मिनी कूपर कन्व्हर्टिबल या चार गाड्या मनात आहेत (कंसात त्या-त्या पिढीचा कंपनीचा कोड). कोणती घ्यावी?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आधी बजेटचे बोलू. ३५ लाख हातात असतील तर गाडी २८ लाखांपर्यंतचीच बघा. राहिलेले पैसे पहिल्याच वर्षी लागणार आहेत : चार टायर, पॅड आणि डिस्क, सगळी ऑइले, कूलंट, वॉटर पंप, सस्पेन्शनचे बुश. या गाड्या वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटरच चालतात. मीटर कमी दिसतो म्हणून लोक खूश होतात, पण रबर आणि प्लास्टिक वयाने खराब होते, किलोमीटरने नाही.

ट्रॅकसाठी पहिला निकष वजन. बॉक्स्टर सुमारे १३०० किलो, एसएलके चौदाशेच्या आसपास, ई८९ झेड४ जवळपास दीड टन. हे जादा दोनशे किलो प्रत्येक वळणाआधी ब्रेकला थांबवावे लागतात आणि ती उष्णता पॅड, डिस्क आणि ब्रेक ऑइलमध्ये जाते. वजन जास्त असण्याचे एक मोठे कारण म्हणजे घडी होणारे पत्र्याचे छप्पर. कापडी छप्पर हलके असते आणि त्याचे वजनही खाली राहते. दोन्हीकडे वापरायच्या गाडीला कापडी छप्परच बरे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

म्हणून पहिली पसंती बॉक्स्टरला, पण कुठल्याही नाही. २००९ ते २०१२ मधली, म्हणजे ९८७ ची दुसरी आवृत्ती शोधा. त्याआधीच्या इंजिनांत इंटरमीडिएट शाफ्टचे (क्रँकची गती कॅमशाफ्टकडे नेणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग हा नाजूक भाग आहे. ते फुटले तर व्हॉल्व्ह-टायमिंग बिघडते आणि पूर्ण इंजिन जाते. २००६ ते २००८ च्या गाड्यांत बेअरिंग मोठे आणि त्यातल्या त्यात टिकाऊ आहे, पण इंजिन पूर्ण खोलल्याशिवाय ते बदलता येत नाही. २००९ पासूनच्या इंजिनात हा शाफ्टच नाही. जुनी आवृत्तीच पदरात पडत असेल तर ऑइल फिल्टर काढून कापा, कागदाच्या घड्या उलगडा आणि उजेडात बघा. चकाकणारा लोखंडी कण किंवा काळ्या सीलचे तुकडे दिसले तर सौदा सोडा.

बॉक्स्टरचा इंजिन कंट्रोल युनिट दोन गोष्टी लक्षात ठेवतो : एकूण किती तास इंजिन चालले आणि किती वेळा मर्यादेपलीकडे फिरले. पोर्शेसाठीचा स्कॅनर असलेल्या मेकॅनिककडून हा रिपोर्ट काढाच. किलोमीटरला तासांनी भागा. शहर-हायवे मिळून ताशी ३०-४० किलोमीटरची सरासरी यायला हवी. २० हजार किलोमीटर आणि दीड हजार तास, म्हणजे सरासरी १३, असे निघाले तर मीटरवर विश्वास ठेवू नका. दुसऱ्या आवृत्तीत ओव्हर-रेव्हच्या सहा पायऱ्या नोंदल्या जातात. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतल्या नोंदींनी घाबरायचे कारण नाही. चौथी ते सहावी पायरी बहुधा चुकीचा, खालचा गिअर पडल्यावरच गाठली जाते. तिथे नोंद असेल तर ती किती इंजिन-तासांपूर्वीची आहे ते पाहा.

सीमाभागात एक जागा विशेष तपासा. बॉक्स्टरचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत असतात. निपाणी-चिकोडी-अथणी पट्ट्यात ऊसतोडणीच्या हंगामात रस्त्यावर चिखल, खडी, उसाचे पाचट पडलेले असते आणि ते सगळे या तोंडातून आत जाऊन एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे साचते. ओलसर पाचट महिनोन्महिने तिथे राहिले की ॲल्युमिनियम कुजते. बंपर उतरवून साफ करायला अर्धा दिवस पुरतो. घेतल्यावर तोंडाला बारीक जाळी बसवा.

ई८९ झेड४ चे ३५आय इंजिन ताकदवान आहे, रस्त्यावर मजा देते. पण हाय प्रेशर फ्युएल पंप (सकाळी स्टार्टर बराच वेळ फिरतो), अचानक बंद पडणारा इलेक्ट्रिक वॉटर पंप आणि टर्बोच्या वेस्टगेटचा (जादा धूर वळवणाऱ्या झडपेचा) खडखडाट, हे तिघे तपासल्याशिवाय हात घालू नका. ट्रॅकवर पंधरा-वीस मिनिटांत ऑइल तापून इंजिन स्वतःच पॉवर कमी करण्याची शक्यता असते. एसएलके २०० चांगली रस्त्याची गाडी. थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद चेनचा खळखळाट आला तर टायमिंग चेन आणि कॅम ॲडजस्टरचे काम आले समजा. ट्रॅकसाठी ती आम्ही सुचवणार नाही.

मिनी मात्र हलक्यात काढू नका. ती पुढच्या चाकांवर चालते, चार सीटची आहे, पण नवशिक्याला ट्रॅक शिकायला ती माफ करणारी गाडी आहे आणि पॅड-टायर बॉक्स्टरपेक्षा स्वस्त पडतात. मिनी भारतात अधिकृतपणे २०१२ पासून आली. त्या काळातल्या गाड्यांत थर्मोस्टॅटचे प्लास्टिक हाउसिंग गळते. गिअरबॉक्सच्या बाजूला कूलंटचे वाळलेले डाग आहेत का बघा.

कोणतीही घेतलीत तरी कम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबाची मोजणी) करून घ्या. सिलिंडरांमधला फरक १० टक्क्यांच्या आत हवा. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा : २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी सहा वर्षांपुढचा टायर घाटात पावसात धरत नाही.

प्रश्न : २००३ ची माझदा एमएक्स-५ मिळते आहे. मालक सांगतो, कागद 'तात्पुरते' आहेत, नंतर पासिंग होईल. किंमत फार कमी आहे.
— निपाणी

उत्तर : घेऊ नका. गाडी म्हणून एमएक्स-५ ला तोड नाही : हलकी, मागच्या चाकांवर चालणारी, साधी. पण माझदाने ती भारतात कधी विकली नाही. इथे दिसणारी बहुतेक परदेशातून माणसाबरोबर किंवा कार्नेवर (तात्पुरत्या आयातीच्या कस्टम कागदावर) आलेली असते. कार्नेवरची गाडी ठरलेल्या मुदतीत देशाबाहेर जावीच लागते. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. त्यामुळे २००३ ची गाडी आज नव्याने नियमित करता येणार नाही.

ज्या एमएक्स-५ चे भारतातले आरसी बुक, कस्टम ड्युटी भरल्याचे कागद आणि चेसिस नंबर तिन्ही जुळतात, तीच विचारात घ्या. नंबर परिवहनच्या ॲपवर तपासा आणि चेसिसवरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, फोटोवर जाऊ नका. अशी मिळाली तर मागच्या चाकाच्या कमानीपुढचा उंबरठा आतून-बाहेरून दाबून बघा. छपराचे पाणी वाहून नेणारी नळी तुंबली की पाणी तिथेच साचते आणि पत्रा आतून सडतो. बॉनेट ॲल्युमिनियमचे आहे. त्याला लोहचुंबक चिकटत नाही म्हणजे पुट्टी मारली आहे असे समजू नका.

प्रश्न : कोल्हापूर पासिंगची (एमएच-०९) गाडी चिकोडीत आणली तर नंबर बदलावाच लागेल का? निम्मे आयुष्य तर कोल्हापूरच्याच रस्त्यावर जाणार आहे.
— चिकोडी

उत्तर : मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. तुमचा पत्ता चिकोडीचा, म्हणजे नोंदही इथलीच करायची.

क्रम असा ठेवा. कर्ज असेल तर आधी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. मग कोल्हापूर आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी. इथे फॉर्म २७, २९, ३०, चालू विमा, पीयूसी आणि गाडीची प्रत्यक्ष तपासणी. कर्नाटकचा आजीवन कर महाग गाड्यांना जड जातो. नवीन २० लाखांवरच्या गाडीला १८ टक्के, वर उपकर. जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होत जातो. सौदा करण्याआधी आरसी आणि मूळ बिलाची प्रत घेऊन चिकोडी आरटीओत आकडा काढा आणि तो गाडीच्या किमतीत धरूनच मालकाशी बोला. मूळ बिल मिळत नसेल तर कराचा हिशेब अडतो, म्हणून ते आधीच मागा. इथला नंबर पडल्यावर महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो. तो अर्ज लोक विसरतात.

प्रश्न : खानापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. कापडी टपाची गाडी इथे टिकेल का?
— खानापूर

उत्तर : टिकते, निचऱ्याच्या नळ्या मोकळ्या ठेवल्या तर. टपावर पडलेले पाणी मागच्या कोपऱ्यांतल्या दोन छिद्रांतून नळीने खाली जाते. झाडाखाली गाडी लावली की पानांचा चुरा आणि तांबडी माती तिथे चिकटते आणि पाणी आत वळते. पहिल्या झेड४ मध्ये (ई८५, २००२ ते २००८) टप उघडणारा हायड्रॉलिक पंप नेमका मागच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात बसवला आहे, त्यामुळे तो बुडून जळतो. टप अर्ध्यात थांबतो किंवा नुसता घरघरतो, त्याचे कारण बहुधा हेच.

मे अखेरीस आणि पावसात महिन्यातून एकदा असे करा. टप अर्धा उघडा, छिद्रात गवत कापायच्या यंत्रातली २-३ मिलीमीटरची नायलॉन दोरी हळू सारा, मग ग्लासभर पाणी ओता आणि ते गाडीखाली पडते का पाहा. कम्प्रेसरची हवा मारू नका. आत नळीचा जोड निसटतो आणि मग पाणी सरळ कार्पेटखाली जाते.

गाडी बघायला शक्यतो जुलैतच जा. नाहीतर दहा मिनिटे पाइपने पाणी मारा, खालून वर, म्हणजे गळती कोणत्या उंचीला सुरू होते ते कळते. मग सीटमागचे कार्पेट उचलून खालच्या फोमवर वर्तमानपत्र दाबा. वरून कोरडे कार्पेट आणि खाली भिजलेला फोम ही नेहमीची जोडी आहे. टप तीनदा पूर्ण उघडून मिटवा, इंजिन चालू ठेवून. बॅटरी कमजोर असली तरी टप अडकतो आणि लोक पंपाला दोष देतात.

एसएलकेच्या पत्र्याच्या छपरात वेगळा दोष : हायड्रॉलिक सिलिंडर पाझरतात आणि सन व्हायझरजवळ तेल ठिबकते. नवा सिलिंडर महाग. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिकचे काम करणाऱ्या शॉपला सील दाखवा. सील बदलून बहुतेक सिलिंडर परत वापरता येतात.

प्रश्न : ट्रॅकसाठी रोल बार (गाडी उलटली तर डोके वाचवणारी पोलादी कमान) उद्यमबागेत बनवून घेता येईल का? चार पट्ट्यांचा बेल्टही लावायचा आहे.
— अनगोळ, बेळगाव

उत्तर : बनवता येईल, पण पाइप कोणता ते तुम्ही ठरवा, फॅब्रिकेटरवर सोडू नका. एफआयएच्या (मोटर-स्पोर्टच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमात मुख्य कमानीसाठी कोल्ड ड्रॉन सीमलेस पोलादी नळी, ४५ मिलीमीटर बाहेरचा व्यास आणि २.५ मिलीमीटर जाडी, किंवा ५० × २. मागच्या तिरक्या आधारांना ३८ × २.५ किंवा ४० × २. फर्निचरची शिवणीची ईआरडब्ल्यू नळी पलटीत शिवणीवर फाटते. वाकवणे थंडच, आणि वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी. कमानीच्या प्रत्येक पायाला किमान तीन एम८ बोल्ट, ८.८ ग्रेडचे, आणि पत्र्याच्या खालून ३ मिलीमीटर जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट. प्लेट नसेल तर पाय पत्रा भोकसून खाली जातो.

उंची अशी मोजा : हेल्मेट घालून बसा, विंडस्क्रीनच्या वरच्या कडेपासून कमानीच्या माथ्यापर्यंत सरळ काठी धरा. हेल्मेट काठीच्या ५ सेंटिमीटर तरी खाली हवे. बॉक्स्टर आणि झेड४ च्या सीटमागच्या कमानी कामाच्या आहेत, पण उंच माणसाला या मापात कमी पडतात. घडीचे पत्र्याचे छप्पर बंद केले म्हणजे संरक्षण झाले असे समजू नका. रस्त्यावर मात्र कमानीला जाड पॅडिंग लागेल, कारण हेल्मेटशिवाय डोके तिच्यावर आपटते.

चार पट्ट्यांचा बेल्ट रोल बार नसताना मुळीच नको. तो शरीर ताठ बांधून ठेवतो. गाडी उलटली तर वाकून वाचायला जागा राहत नाही. तोपर्यंत कंपनीचा तीन टोकांचा बेल्ट ठेवा. आयोजकांना आधी फोन करा, कारण रोल बारशिवाय उघड्या गाड्यांना प्रवेश नाकारला जाऊ शकतो. नेहमीच्या विमा पॉलिसीत रेसिंग आणि वेगचाचणी वगळलेली असते हेही ध्यानात ठेवा.

प्रश्न : पहिल्या ट्रॅक-दिवसाआधी नेमके काय बदलायचे?
— हुक्केरी

उत्तर : इंजिनाला हात लावू नका, ब्रेकला लावा. ताज्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. आपल्या पावसाळी हवेतले पाणी शोषून तो १५५ पर्यंत उतरतो आणि मग पेडल जमिनीला टेकते. सहा महिन्यांपेक्षा जुने ऑइल असेल तर चारही चाकांतून ते काढून ताजे भरा. सिलिकॉनचे डॉट ५ घालू नका. पॅड निम्म्याहून जास्त हवेत. डिस्कवर कोरलेली किमान जाडी व्हर्नियरने तपासा. जादा पॅडचा संच सोबत न्या, कारण बेळगावहून चेन्नई काय किंवा कोइम्बतूर काय, साडेआठशे किलोमीटरच्या आसपास परत यायचे आहे. कोइम्बतूरचा करी ट्रॅक २.१ किलोमीटरचाच, वळणे जवळजवळ, ब्रेकला उसंत कमी. चेन्नईचा ३.७ किलोमीटरचा आहे, तिथे सरळ पट्ट्यावर ब्रेक थंड होतात.

सेशन १५ मिनिटांपेक्षा लांबवू नका. शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न लावता काढा आणि थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकूड लावा. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून राहिला तर त्या जागी पॅडचा थर चिकटतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरते. टायरची हवा गरम असतानाच मोजा. थंड असताना ४ ते ६ पीएसआय कमी ठेवून सुरुवात करा. चाकांचे बोल्ट प्रत्येक सेशननंतर चाके निवल्यावर टॉर्क रेंचने तपासा : बॉक्स्टरला १३० न्यूटन-मीटर, झेड४ ला १२०.