लॅपटॉपचा नवा अडॅप्टर घेण्याआधी
जुन्या अडॅप्टरवरची 'आउटपुट' ही ओळ वाचा, उदाहरणार्थ १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर. ('इनपुट' नव्हे, तिथे बरेच जण फसतात.) व्होल्ट तेवढेच हवेत; १९ आणि १९.५ मधला फरक सहसा खपून जातो, १२ किंवा २४ अजिबात नको. अँपिअर जास्त असले तरी बिघडत नाही, लॅपटॉप लागेल तेवढाच करंट ओढतो. कमी पडले तर अडॅप्टर तापतो, बॅटरी भरत नाही. पिन नुसती बसली म्हणून घेऊ नका: बाहेरचा आणि आतला, दोन्ही व्यास जुळवा, प्लस टोक पिनच्या आत आहे का तेही अडॅप्टरवरच्या चिन्हावरून पाहा. डेलमध्ये मधली बारीक सुई अडॅप्टरची ओळख सांगते. ती पटली नाही तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही. टाइप-सी असेल तर वॉट बघा, केबलचेसुद्धा.