हाडं ठिसूळ आहेत म्हणून आईच्या मणक्याचं ऑपरेशन तीन महिने पुढे ढकललंय. थांबावं की दुसरे डॉक्टर बघावेत?

थांबा. मात्र लघवीवरचा ताबा सुटला, बसायच्या जागेला बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर एक दिवसही घालवू नका. तेव्हा हाडांचा हिशोब नंतर.

तुम्ही लिहिलंय की आई ६८ वर्षांच्या आहेत, कमरेचा मणका सरकलाय, थोडं चाललं की पाय भरून येतात. स्क्रू टाकायचं ठरलं होतं, पण डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट बघून डॉक्टरांनी रोजचं इंजेक्शन सुरू केलं. ते टाळताहेत असं तुम्हाला वाटतंय. मी सर्जन नाही, पण स्पाइनच्या ऑपरेशनला स्क्रब नर्स म्हणून बरीच वर्षं उभी राहतेय. स्क्रू माझ्याच हातून जातात.

चांगल्या हाडात शेवटचे चार-पाच वेढे बसवताना सरांचं मनगट ताठ होतं, जोर लागतो. ठिसूळ हाडात तोच स्क्रू सुरसुर आत जातो, जुन्या वाड्याच्या मातीच्या भिंतीत गिट्टी न ठोकता पिळल्यासारखा. मग ऑपरेशन थिएटरमधल्या गप्पा थांबतात आणि आवाज येतो, "सिस्टर, साडेसहा नको, साडेसात द्या." जाड स्क्रूनंही भागलं नाही तर पोकळ, भोकं असलेला स्क्रू घालून त्यातून हाडात सिमेंट सोडतात. पकड येते, पण ते सिमेंट शिरेतून फुप्फुसापर्यंत जाऊ शकतं, म्हणून एक्स-रेच्या पडद्यावर नजर ठेवून थोडं थोडं सोडावं लागतं.

आणि स्क्रू-रॉड हा नुसता आधार. खरं काम दोन मणके हाडानं एकमेकांना जुळण्याचं, त्याला सहा महिने ते वर्ष लागतं. तोवर पकड टिकली नाही तर स्क्रू हलायला लागतो, एक्स-रेत त्याच्याभोवती काळी कड दिसते. दोन मणक्यांच्या मधे आधाराला ठेवलेला ठोकळा, म्हणजे केज, मणक्यात रुततो. कधी खालचं सगळं उत्तम जुळतं आणि जोडलेल्या भागाच्या लगेच वरचा मणकाच दबतो, माणूस पुढे वाकत जातो. नुसती नस मोकळी करायची असेल, स्क्रू नसतील, तर यातलं बरंचसं लागू होत नाही. तुमच्या आईंना स्क्रू आहेत.

एक गोष्ट मला माझ्या मावशीमुळे उशिरा कळली. तिच्या अशाच ऑपरेशनआधी कमरेचा टी-स्कोअर, म्हणजे डेक्साचा आकडा, उणे १.४ होता. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार), म्हणजे ही तर त्यापेक्षा बरी, असं मीच तिला सांगितलं. वर्षाच्या आत दोन स्क्रू ढिले झाले. तेव्हा खुब्याचा डेक्सा केला, तर उणे २.९! वयानं झिजलेल्या कमरेत मणक्यांच्या कडांना हाड वाढलेलं असतं, मशीन तेही मोजतं आणि आकडा फुगतो. म्हणून आईंच्या रिपोर्टमध्ये खुब्याचा आकडा शोधा. सीटी स्कॅन आधीच झाला असेल तर त्यावरूनही कमरेच्या पहिल्या मणक्याची घनता मोजता येते, वेगळा खर्च नाही. ती ११० हाउन्सफिल्ड युनिटच्या खाली असेल तर हाड ठिसूळ असण्याची दाट शक्यता.

रोजचं इंजेक्शन म्हणजे बहुतेक टेरिपॅराटाइड, २० मायक्रोग्रॅम, पोटावर किंवा मांडीत. हाडाच्या बऱ्याच गोळ्या झीज थांबवतात, हे नवं हाड बनवतं. जपानमध्ये पाळी गेलेल्या बायकांच्या कमरेच्या फ्युजनवर, म्हणजे मणके जुळवण्याच्या ऑपरेशनवर, २०१२ साली अभ्यास आला होता: हे घेणाऱ्यांत हाड जुळण्याचं प्रमाण ८२ टक्के, झीज थांबवणाऱ्या बिसफॉस्फोनेटच्या गोळ्या घेणाऱ्यांत ६८. तीन महिन्यांनी डेक्सा पुन्हा करून आकडा बघू नका, एवढ्यात तो फारसा हलत नाही. आईंनी पूर्वी कधी रेडिएशन घेतलं असेल तर मात्र आजच डॉक्टरांना सांगा, मग हे इंजेक्शन चालत नाही.

या तीन महिन्यांत ड जीवनसत्त्व तपासून भरून काढा. आणि आई मिशरी लावतात का, हे जरा सरळ विचारा. "तंबाखू नाही हो, नुसती मिशरी" हे मी इतक्यांदा ऐकलंय! मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि निकोटिन हाड जुळू देत नाही. मावशीनं दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी ती सोडली, तीही सुनेनं डबी लपवल्यावर.

ऑपरेशन झालं की इंजेक्शन आपल्या मनानं बंद करू नका, खरी गरज तेव्हाच असते. कोर्स संपल्यावर मिळवलेलं हाड टिकवायला दुसरं औषध लागतं. ते कोणतं आणि कधीपासून, हे फाइलवर आत्ताच लिहून घ्या. इंजेक्शनचं पेन फ्रिजमध्ये ठेवायचं असतं, फ्रीझरमध्ये नाही. मावशीचं पहिलं पेन तिथेच गोठून वाया गेलं.