स्वीट होम थ्रीडीमध्ये छत उंच आणि नवी चौकटीची भिंत कशी दाखवायची?

स्वीट होम थ्रीडी या घराचा आराखडा काढायच्या प्रोग्रामच्या प्रेफरन्समध्ये (सेटिंगमध्ये) भिंतीची उंची वाढवली तरी छत वर जात नाही, असं म्हणता ना? ती फक्त पुढे काढायच्या भिंतींना लागते. जुन्या भिंती सगळ्या निवडा, ‘मॉडिफाय वॉल्स’मध्ये २५० च्या जागी ३६६ सेंमी, म्हणजे १२ फूट टाका. छत त्यांच्याबरोबर वर जातं.

आपल्या कवेलूच्या घराची तिकोनी भिंत मात्र एका तुकड्यात काढू नका. आढ्याखाली तोडून दोन करा, दोन्हींना ‘स्लोपिंग वॉल’ (उतरती भिंत) निवडा: उंची कडेला २४४, आढ्याशी ३६६ सेंमी. भिंत कुठून काढायला सुरुवात केली ते नीट बघा, नाहीतर उतार उलटा पडतो.

चौकटीच्या, म्हणजे चॅनलच्या सांगाड्यावर बोर्ड लावलेल्या भिंतीतले उभे चॅनल दाखवायची गरज नाही, पूर्ण जाडी द्या: ५० मिमी चॅनल, दोन्हीकडून साडेबारा मिमी बोर्ड, म्हणजे साडेसात सेंमी. विदर्भातल्या उन्हाळ्यात उंच छत खरंच सुखाचं, जरूर करा.