शेपटीवाला सी लॅपटॉपवर कसा टाइप करायचा?

पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चचं पोर्तुगीज नाव लिहिताना 'कॉन्सेसांव'मध्ये लागतो तोच ना हा सी, खाली शेपटी असलेला? त्या शेपटीला सेडिला म्हणतात. विंडोजवर नमलॉक चालू करून आल्ट दाबून धरा आणि उजवीकडच्या नंबरपॅडवर ०२३१ मारा, झालं (वरच्या आकड्यांच्या रांगेवर मारलंत तर काय होणार नाही). कॅपिटलला ०१९९, आणि त्याच नावातला नागमोडी रेघेवाला ए हवा तर ०२२७. मॅकवर ऑप्शन आणि सी, मोबाईलवर सी दाबून धरायचा, एवढंच. नंबरपॅड नसेल तर वर्डमध्ये कंट्रोल आणि स्वल्पविराम एकत्र दाबून सोडा, मग सी.

आता युनिकोडात (म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीत) याचा नंबर २३१च आहे, पण यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (म्हणजे अक्षरं फाईलमध्ये साठवायच्या पद्धतीत) तो दोन बाइटचा होतो, म्हणून फाईल एका बाइटला एक अक्षर मानणाऱ्या जुन्या लॅटिन-१ एन्कोडिंगमध्ये उघडली की एका अक्षराच्या जागी नागमोडी रेघेवाला कॅपिटल ए आणि कलमाचं चिन्ह असं कायतरी विचित्र दिसतं, तेव्हा फाईल खराब झाली म्हणून एकेक अक्षर बदलत बसू नका, एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडून परत उघडा. सर्चमध्ये नाव सापडत नसेल तर बहुतेक कोणीतरी साधा सी टाकलाय, गोव्यात सर्रास तसंच लिहितात.