भावकीनं उचलायला लावलेला बेलभंडारा

प्रश्न : गुरुजी, आमच्याकडं ग्रामपंचायतीची निवडणूक लागलीय. भावकीतल्या मोठ्या माणसांनी आम्हा सगळ्यांना महादेवाच्या देवळात नेऊन, मत आपल्याच जातीला म्हणून बेलभंडारा उचलायला लावला. मला मत दुसऱ्या जातीच्या बाईला द्यायचंय. ती सदस्य असताना आमच्या वस्तीवर नळ आला. आता तिचं जात प्रमाणपत्र बोगस असल्याचा मेसेज फिरतोय. शपथ मोडली तर लेकरांना बाधेल का? मत फुटलं हे त्यांना कळेल का?
– एक सून, सेलू तालुका, जि. परभणी

उत्तर : ताई, आधी लेकरांचं. काही बाधणार नाही. औंढा नागनाथाला नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागं हाकललं, तर देऊळच त्यांच्याकडं फिरलं, अशी आपली कथा आहे. नंदी तिथं आजही मागंच आहे. तो महादेव जातीच्या मतासाठी तुमच्या लेकरांवर कोपेल, हे मला पटत नाही. आणि देवाच्या कोपाची भीती घालून मत वळवणं हा गुन्हा आहे, ग्रामपंचायतीतसुद्धा. १९२० पासून तो कायद्यात आहे, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ मध्ये. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

मत फुटल्याचं कळत नाही. मी केंद्राध्यक्ष म्हणून बसलेला माणूस आहे. उमेदवारांचे एजंट बाकावरून मतदार यादीवर खुणा करतात, तुम्ही येऊन गेलात एवढंच त्यांना दिसतं. पुठ्ठ्याच्या आडोशामागं कोणतं बटण दाबलं ते मलाही कधी दिसलं नाही. प्रभागात दोन-तीन जागा असतील तर सगळी मतं दिल्यावरच बीप वाजतो, तोवर बाहेर येऊ नका. खरा धोका वेगळा आहे. ‘हिला समजत नाही’ म्हणत घरचा एखादा सोबत आत शिरू बघतो. तसं झालं तर केंद्राध्यक्षाला मोठ्यानं सांगा, मला दिसतं, मला वाचता येतं, मी एकटी जाणार.

मेसेजचं म्हणाल तर मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी हैदराबाद गॅझेटिअरचा (निजामकाळच्या नोंदींचा) शासन निर्णय सप्टेंबर २०२५ मध्ये आला, तेव्हापासून मराठवाड्यात कुणाच्याही दाखल्यावर बोट ठेवणं फार सोपं झालंय. दाखला खरा की खोटा हे जात पडताळणी समिती ठरवते, व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप नाही. राखीव जागेवर निवडून आलेल्यानं मुदतीत या समितीचं वैधता प्रमाणपत्र दिलं नाही तर सदस्यत्वच जातं. तिनं अर्जासोबत काय जोडलंय ते तहसीलमध्ये निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडं विचारा. तुमच्या भावकीच्या उमेदवाराचं घोषणापत्रही तिथंच मागा, गुन्हे आणि मालमत्ता त्यात लिहाव्या लागतात.

आणि ताई, नळाचंही तपासा. जलजीवन या नळयोजनेचा पैसा केंद्राचा आणि राज्याचा, श्रेय मात्र गावातला प्रत्येक जण घेतो. त्या बाईंनी खरंच पाठपुरावा केला असेल तर ग्रामपंचायतीच्या मासिक सभेच्या प्रोसिडिंगमध्ये (इतिवृत्तात) त्यांचं नाव सापडेल. प्रोसिडिंग ग्रामपंचायत कार्यालयात असतं, माहितीच्या अधिकारात साधा अर्ज केला तरी नक्कल मिळते.