झिपला पासवर्ड लावला, तरी नावं उघडीच

तुमचे प्रश्न दोन. घराची स्कॅन केलेली कागदपत्रं झिप केली तरी साइज का घटली नाही? आणि पासवर्ड न टाकताच भावाला आतल्या फाइलींची नावं कशी दिसली?

साइजचं सोडा. स्कॅनची जेपीजी, म्हणजे फोटोची फाइल, आधीच दाबून बसवलेली असते, ती आणखी काय दबणार! जीमेलची २५ एमबीची मर्यादा आड येत असेल, तर स्कॅनच ग्रेस्केलमध्ये (रंगाऐवजी करड्या छटांत), २०० डीपीआयला (स्कॅनचा बारकावा मोजायचा आकडा) काढा.

नावांचं मात्र मनावर घ्या. झिपमध्ये पासवर्ड लागतो तो मजकुराला, यादी उघडीच राहते. 'आईचं मृत्युपत्र नवीन' एवढं वाचलं तरी भाऊबंदांना पुरे. सेव्हन-झिप या फाइली दाबून बांधायच्या प्रोग्राममध्ये झिपऐवजी त्याचा स्वतःचा फॉरमॅट '७झेड' घ्या आणि पासवर्डच्या खाली 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स'वर (नावंही कुलुपात) टिक करा. झिपला ही सोय नाही. शिवाय तिथे झिपक्रिप्टो ही कुलूप लावायची जुनी पद्धत निवडली गेली, तर ती फोडायची रीत बिहाम आणि कोचर या संशोधकांनी १९९४ मध्येच दाखवून ठेवली आहे. झिपच हवी असेल तर निदान एईएस-२५६ ही जास्त भक्कम पद्धत निवडा. पण ती उघडायला भावाकडेही बहुधा सेव्हन-झिप लागेल, मग ७झेडच का नको?

आता पासवर्ड. ई-आधारच्या पीडीएफला नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल असतं, तेच वळण बरेच जण सगळीकडे गिरवतात. ७झेड प्रत्येक पासवर्डावर ५,२४,२८८ फेऱ्यांचं गणित करतं, म्हणून अंदाज लावणाऱ्याचा वेळ जातो. पण नाव माहीत असलं तर तपासायची सालं उरतात जेमतेम शंभर. तेवढी तर पुतण्याही दुपारभरात हातानं टाकून बघेल. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्या, आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलीत तर पासवर्ड फोनवर सांगा. त्याच चॅटमध्ये खाली टाकलात तर किल्ली कुलपालाच टांगली.

मूळ फाइली उडवण्याआधी दुसऱ्या कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकून ७झेड फाइल एकदा उघडून बघा. पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवलात तरी चालेल, चोर सहसा वह्या नेत नाहीत. हे मी ठेच खाऊन सांगतोय. वडिलांच्या पेन्शनच्या कागदांची एक ७झेड फाइल माझ्याकडे २०१६ पासून पडून आहे. पासवर्ड आठवत नाही आणि डिलीटही करवत नाही.