एकच धून, दोन रूपे: अ‍ॅपलेशियन फिडलमध्ये फरक नेमका कोठे होतो

आपण विचारले आहे की ‘बोनापार्ट्स रिट्रीट’ ही धून एका ध्वनिमुद्रणात संथ आणि दुसऱ्यात भरधाव ऐकू येते, तर मूळ कोणती, आणि हे फिडलवादक (अमेरिकेच्या पूर्वेकडील अ‍ॅपलेशिया या डोंगराळ भागात लोकशैलीने व्हायोलिन वाजवणारे) आपल्याकडच्यासारखा विस्तार करतात का. मूळ रूपाचा नाद सोडावा, असे माझे मत आहे. भरधाव रूप केंटकीच्या विल्यम स्टेप यांचे. १९३७ मध्ये लोकसंगीताचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी ते लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी ध्वनिमुद्रित केले, रूथ क्रॉफर्ड सीगर यांनी त्याचे स्वरलेखन केले आणि त्यावरून अमेरिकन संगीतकार एरन कोपलंड यांनी १९४२ च्या ‘रोडिओ’ या बॅलेत ते जवळजवळ जसेच्या तसे घेतले. त्यामुळे एका वादकाची लकब प्रमाण ठरली. इतर अनेक जुने वादक मात्र ती धून संथच वाजवत.

आलाप-तानांच्या अर्थाने येथे विस्तार नाही. धून बहुधा दोन भागांची असते, प्रत्येक भाग दोनदा वाजतो आणि नाच संपेपर्यंत तीच आवर्तने चालतात. स्वरावली ओळखीची ठेवावी लागते, म्हणून फरक होतो तो मुख्यतः गजाच्या हातात. चार जलद स्वरांचा तुकडा घ्या: एका फेरीत प्रत्येक स्वराला स्वतंत्र गज, पुढच्या फेरीत तीन स्वर एका गजात आणि चौथा सुटा. स्वर तेच राहतात, पण आघात सरकतो आणि ठेका वेगळाच झुलू लागतो. नॉर्थ कॅरोलायनातील राउंड पीक शैलीचे टॉमी जॅरेल (१९०१–१९८५) ऐकताना धून विसरून फक्त गजाकडे कान द्यावा.

फरकाची दुसरी जागा तारा मिळवण्याची. नेहमीच्या जी-डी-ए-ई (जाड तारेपासून बारीक तारेपर्यंतचे पाश्चात्त्य स्वर) मधील जाड दोन तारा चढवून ए-ई-ए-ई केल्या की सा-प-सा-प जुळतो. ही जुळणी आपल्या व्हायोलिनवादकांना परकी नाही. मग वरच्या तारांवरचा तुकडा त्याच बोटांनी खालच्या सप्तकात घेता येतो, आणि शेजारची मोकळी तार त्याला आस देत राहते. ‘बोनापार्ट’साठी स्टेप डी-डी-ए-डी मिळवत, जाड तार एवढी उतरल्यामुळेच तो बॅगपाइपसारखा घुमारा येतो.

वेस्ट व्हर्जिनियात जन्मलेले अंध वादक एड हेली यांच्यासारखे काही जण स्वरावलीतही भरपूर फेरफार करत, परंतु सुरुवात त्यांच्यापासून करू नये. काही धुनांत एखादी मात्रा जास्त किंवा कमी आढळेल. ती चूक समजून सरळ करू नका, तशीच उचला.